कानातला खडा

कार्डावरचा फोटो अकरा वर्षांपूर्वीचा.
दार मला ओळखत नाही.
पहारेकरी ओळखतो, विचारतो,
"मोठ्या सुट्टीवर होतीस का?"
तीन बाळंतपणं, घरभर कांजिण्या,
एकाचं चौथ्या वर्षापर्यंत न बोलणं,
नवरा सहा-सहा आठवडे बोटीवर.
हो म्हटलं, सुट्टीवर.

अर्जात एक चौकट होती:
कामात खंड असल्यास कारण लिहा.
मी लिहिलं, मुलं.
चौकट लाल झाली. किमान वीस अक्षरं हवीत.
मग तिघांची नावं लिहिली,
इंगेबोर्ग, स्यूर, मारेन,
स्वल्पविरामांसकट.
तेव्हा कुठे ती हिरवी झाली.

ट्रॉम्सोत नोव्हेंबर संपत आलाय.
दुपारी दोनलाच बंदरातले दिवे लागलेत.
प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावरून तळघरात आलीय,
आणि माझ्या टेबलावर आता प्रिंटर राहतो.
हालवार सव्वीस वर्षांचा. मी कुठे बसायचं ते तो ठरवतो.
लाजत सांगतो, "तुझा निबंध वाचलाय मी,
अभ्यासक्रमात होता,
जुन्या पद्धतींच्या प्रकरणात."

सूक्ष्मदर्शकाच्या दोन नळ्या
कुणा अरुंद चेहऱ्याच्या माणसासाठी लावलेल्या.
हळूहळू फाकवत गेले,
दोन वर्तुळांचं एक होईपर्यंत.

आणि दिसला:
कॉडच्या कानातला खडा,
मधोमध मोडलेला,
उन्हाळ्याचं पांढरं कडं, हिवाळ्याचं काळसर,
पुन्हा पांढरं.
जन्मापासूनचं सगळं कानात साठवलेलं,
आणि माशाला पत्ता नाही.

बर्गेनची ती शेवटची परिषद.
टाळ्या पडत होत्या कुणासाठी तरी,
आणि मी मागच्या न्हाणीघरात
छातीतलं दूध पिळून बेसिनमध्ये ओतत होते.
तिथेच कानाला खडा लावला होता:
पुन्हा नाही.
आज तो चिमट्यात धरलाय
आणि हात थरथरत नाही याचंच नवल वाटतंय.

डोळ्यांत तेल घालून मोजलं. सात.
दुसऱ्यांदा, बाहेरून आत. सात.
वहीत लिहिलं, खाली सही केली,
सही जरा मोठीच आली.

हालवारच्या यंत्राने आठ सांगितले.
यंत्रावर माझा विश्वास नव्हता.
मग वरच्या मजल्यावरून गुनवोर आली,
निवृत्तीला चार महिने राहिलेली,
चष्मा कपाळावर सारून वाकली,
"आठ," म्हणाली, आणि कॉफी प्यायला गेली.

परत बघितलं.
होतं, कडेजवळ, केसाएवढं.
मादी होती ती. त्या हिवाळ्यात
अंडी घालायला पार लोफोटनपर्यंत गेली असणार,
अंगाने वाढायला सवड कुठली.
आणि ते वर्ष
मीच धरलं नव्हतं,
मी.

हालवार सांत्वनाचं काहीतरी शोधत उभा होता.
त्याला कसं सांगू,
अकरा वर्षांत माझ्या प्रत्येक चुकीला
ताप चढायचा, कुणीतरी रात्रभर रडायचं,
शाळेतून चिठ्ठी यायची.
ही चूक नुसती पडून होती,
पेन्सिलीने लिहिलेली.
कुणाचं नाक पुसायला नको.
मी सात खोडलं, आठ लिहिलं, आणि हसू फुटलं,
इतकं, की तो एक पाऊल मागे सरला.

मग पुढचा खडा. पुढचा.
कोटाच्या खिशात किल्ली शोधताना
मारेनचा एकच हातमोजा सापडला,
आतून अजून ओला.

रात्री जेवताना तिने विचारलं,
"आज काय केलंस तिकडे?"
"चुकले."
"रागावले?"
"नाही."
ती बराच वेळ
माशाचा काटा ताटाच्या कडेला सरकवत राहिली.
"उद्या पण जाणारेस?"